हवालदाराची धार

नाथाजी खोताला गावात कुणी चांगला माणूस म्हणत नव्हतं, आणि म्हटलं असतं तर राग त्यालाच आला असता. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो इस्लामपूरच्या अलीकडच्या आपल्या नदीकाठच्या गावी परत आला, तेव्हा ट्रंकेबरोबर त्यानं दोनच गोष्टी आणल्या होत्या. एक म्हणजे 'शेप वन'चा शेरा. डोक्यापासून पायापर्यंत माणूस ठणठणीत आहे असं पलटणीचा डॉक्टर लिहून देतो तो हा शेरा, आणि नाथाजीनं तो शेवटच्या तपासणीपर्यंत टिकवला होता. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. या आवाजात तो त्या शेऱ्याची बढाई मारायचा आणि ऐकणाऱ्याला पळायला जागा ठेवायचा नाही.

तो नोकरीत असताना त्याचं रान धाकटा भाऊ कृष्णात कसत होता. दोघांच्या उसाच्या मधे एकच बांध आणि बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड. परत आल्यावर नाथाजी रानात गेला, दगडाकडं बघितलं, पावलं टाकून बघितली आणि तिथंच पेटला. दगड त्याच्या बाजूला चांगला हातभर सरकला होता.

"पुराच्या पाण्यानं सरकला," कृष्णात म्हणाला. चेहऱ्यावर लाज नावाला नव्हती.

"दर पुराला माझ्याच बाजूला सरकतो व्हय रं?"

"नदीला इचार."

पंच आले, चहा प्याले, दोघांचंही बरोबर आहे असं सांगून गेले. मोजणी आणायची भाषा झाली, पण ती भाषाच राहिली. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं, जावाजावांनी एकमेकींच्या उंबऱ्यावर पाय ठेवणं सोडलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी बांधावर गेला, दगडासमोर सावधानमध्ये उभा राहिला आणि त्या दगडावर मुतला.

हे एक दिवसाचं असतं तर लोक हसून विसरले असते. नाथाजीनं त्याचा नेम केला. सकाळचा चहा झाला की काठी घ्यायची, बांधावर जायचं, दगडासमोर उभं राहायचं. घरी संडास होता, पण तो पाहुण्यांसाठी. समोरच्या करंजाखाली कृष्णात तंबाखू मळत बसलेला असायचा. तो उठून गेला असता तर हरला असता, म्हणून तो उठायचा नाही. टक लावून बघायचा. दगड त्याचा, रान त्याचं, बघायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, असा सगळा थाट. नाथाजीची धार दगडाच्या टाळक्यावर आपटून पलीकडं कृष्णाताच्या सरीत उडायची. कृष्णात थुंकायचा. नाथाजी बटणं लावून डावी-उजवी करत घरी यायचा. हा असा हलकट कारभार वर्षानुवर्षं चालला होता आणि दोन कर्त्या पुरुषांना त्याची शरम वाटत नव्हती.

मग धार हळूहळू मऊ पडायला लागली.

नाथाजीला ते कळत होतं. आधी टाळक्यावर पडायची ती दगडाच्या पोटावर पडायला लागली. नंतर पायाशी. आधी उभं राहिलं की सुरू, आता उभं राहून ताटकळायची पाळी. सुरू झाली की मधेच थांबायची, पुन्हा थेंबथेंब यायची, आणि झालं म्हणून वळावं तर चप्पल भिजायची. पण समोर शत्रू बसलेला. नाथाजी खाकरायचा, उगाच उसाच्या शेंड्यांकडं बघत राहायचा, रानाची पाहणी करतोय असं दाखवायचा. घरी येईपर्यंत पुन्हा जावंसं वाटायचं.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. शेतीच्या पंपाची लाईट कधी रात्रीची, कधी पहाटेची, त्यामुळं नवरा दहादा उठून बाहेर गेला तरी "मोटार बघून येतो" एवढं म्हटलं की विजयमाला कूस बदलायची. या भागातल्या कुठल्याही बाईनं तेच केलं असतं. माजी सैनिकांसाठी फुकट औषधपाण्याचं कार्ड नाथाजीच्या पाकिटात होतं, पण त्या दवाखान्याच्या बाकावर सगळे पलटणीतलेच म्हातारे बसतात. त्यांच्यामधे बसून लघवीची तक्रार सांगायची? शेप वन माणसानं? त्यात गावात एक समज पक्का होता की त्या जागेचं ऑपरेशन झालं की पुरुष संपला. नाथाजीला मरण परवडलं असतं, हे परवडणारं नव्हतं.

थोडक्यात, नाथाजीचं दुखणं साऱ्या जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि नाथाजी त्याच्याशी बोलत नव्हता.

त्या माणसानं एक दिवस तोंड उघडलं. हिवाळा होता, कारखाने सुरू होते, पलीकडच्या रानात ऊसतोड चालली होती. नाथाजी दगडासमोर उभा होता तो उभाच. करंजाखालून कृष्णाताचा आवाज आला, चांगला तोडकऱ्यांना ऐकू जाईल असा.

"काय हवालदार, नळाला पाणी ईना वाटतं! मिस्त्री बोलवा की!"

तोडकरी खदखदून हसले. नाथाजीच्या कानशिलात रक्त चढलं. तो घरी आला आणि दिवसभर त्यानं बायकोवर, कुत्र्यावर आणि टीव्हीवर राग काढला.

शहाणा माणूस त्या दिवशी डॉक्टरकडं गेला असता. नाथाजीनं दुसऱ्या दिवशीची चढाई आखली. पहाटे उठून तांब्याभर पाणी प्याला. वर चहा. त्यावर लोटाभर ताक. सर्दी झाली होती म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली गुंगीची गोळी होती, ती रात्री आणि पहाटेही घेतली, नाक वाहताना रुबाब राहत नाही म्हणून. एकदा लागली होती ती दाबून धरली. मग पुन्हा पाणी. बांध गाठला तेव्हा ओटीपोट दगडासारखं झालं होतं आणि नाथाजी मनातल्या मनात खूष होता. आज त्या चोराच्या सरीत पूर आणायचा.

तो सावधानमध्ये उभा राहिला. काही आलं नाही.

कुंथला. काही आलं नाही. पाय बदलले, श्वास रोखला, दात खाल्ले. आत सगळं फुटायला आलेलं आणि बाहेर थेंब नाही. कपाळाला घाम फुटला. करंजाखाली कृष्णात आधी हसला. मग हसायचा थांबला. नाथाजीनं आधारासाठी हात पुढं केला आणि ज्या दगडावर इतकी वर्षं तो मुतत आला होता त्याच दगडाला मिठी मारून खाली बसला.

कृष्णात बांध ओलांडून आला. भांडण झाल्यापासून पहिल्यांदा.

"हात लावू नगंस," नाथाजी कण्हत म्हणाला.

"कोण लावतंय तुला हात? ऊठ."

"तू हो बाजूला. मी मरंन, पण तुझ्या..."

कृष्णातनं त्याचं पुरतं ऐकून घेतलं नाही. वस्तीकडं तोंड करून तो ओरडला, "वैनीऽ! हवालदाराची लघवी तुंबलीया! कपडे घ्या, इस्लामपूरला जायाचं हाय!"

सगळ्या शिवाराला कळलं. नाथाजीला वाटलं, दगड उचलावा आणि ह्याच्या डोक्यात घालावा. पण दगड उचलायला आधी उठता यायला पाहिजे.

गाडी म्हणजे कृष्णाताचा ट्रॅक्टर, मागं ट्रॉली. ट्रॉलीत पाचट टाकून त्यावर नाथाजीला झोपवलं, शेजारी विजयमाला बसली. उसाच्या गाड्यांनी रस्त्याची चाळण केलेली. पोट तट्ट फुगलेल्या माणसाला एकेक खड्डा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. नाथाजीची खात्रीच होती की कृष्णात खड्डे शोधून शोधून चाक घालतोय. तो जमेल तेवढ्या आवाजात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, त्या आपल्याही पिढ्या आहेत हे विसरून. खरं तर कृष्णात इतका हळू चालवत होता की सायकलवाले पुढं जात होते. पण हे नाथाजीला सांगणार कोण?

इस्लामपूरच्या दवाखान्यात त्याला आडवा केला, नळी घातली. घालताना नाथाजीनं पलंगाची दांडी वाकते की काय अशी धरली. आणि मग पिशवी भरायला लागली. भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. नाथाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकं सुख त्याला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झालं नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी देवाचा धावा करणारा हा माणूस सुटका होताच उठून बसला.

"झालं न्हवं? काढा ही नळी. मला रानात पाणी पाजायचं हाय."

समोर मयूरी नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं खुर्ची ओढली.

"आजोबा, याआधी काही त्रास होता? धार बारीक होणं, थांबून थांबून होणं, रात्री सारखं उठावं लागणं?"

"आजोबा म्हणू नका. हवालदार म्हणा. काय न्हवतं. काल सर्दीची गोळी घेतली, तिनं घोटाळा केला."

डॉक्टरनं मान हलवली. त्या गोळ्यांनी लघवी अडते, हे खरं होतं. खोटं पचवायला असं अर्धं खरं जवळ असावं लागतं आणि ते नाथाजीला आयतं मिळालं होतं.

"नीट आठवून सांगा," मयूरी म्हणाली. "त्रास कालचाच असेल तर चार दिवस नळी ठेवू, गोळ्या देते, मग काढून बघू. बऱ्याचदा सुरळीत होतं. पण त्रास जुना असेल तर गोष्ट वेगळी. मूत्राशय पूर्ण रिकामंच होत नाही, लघवीचा दाब मागं किडनीवर जातो. दुखत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही आणि किडन्या निकामी होतात. मग आताच सोनोग्राफी, रक्त, सगळं करून तुम्हाला सांगलीला पाठवावं लागेल."

नाथाजीनं ते नीट ऐकलं. पलंगाच्या पायथ्याशी विजयमाला उभी होती, शेजारच्या पलंगावरचा माणूस कान देऊन ऐकत होता, आणि समोर पोरीच्या वयाची डॉक्टर.

"कालचंच हाय," तो म्हणाला. "मी शेप वन माणूस. फोटोबिटो कशाला? गोळ्या द्या, घरी जातो."

"खोटं बोलतंय ते."

दारात कृष्णात उभा होता, टोपी हातात घेऊन. विजयमाला दचकली. डॉक्टरनं विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी बांधाच्या पलीकडचा," कृष्णात म्हणाला. "ह्यो रोज सकाळी माझ्या दगडावर मुततो. मी रोज बघतो. तुमाला काय पायजे ते मला इचारा."

"ए चोरा, भाईर हो!"

"आधी टाळक्यावर पडायची, डॉक्टर. माझ्या सरीत उडायची. मागल्या म्हापुराच्या आदीपासनं कमी झाली. मग दगडाच्या पोटावर. ह्या दिवाळीपासनं तर पायाशीच. थांबती, परत येती. कुंथतोय. झालं म्हणून वळतोय आन् चप्पल भिजवतोय. घराकडं निघाला की वाटंत शेवरीच्या झाडाआड परत उभा राहतोय. आमच्या रानातनं समदं दिसतंय."

नाथाजीनं हाताला लागलेली पाण्याची बाटली फेकून मारली. ती कृष्णाताच्या खांद्याला लागून खाली पडली. कृष्णातनं ती उचलली, झाकण घट्ट बसवलं आणि बोलत राहिला.

"रात्रीचं पण उठतोय. बॅटरी दिसती. मोटारीकडं जात न्हाई, पेरूच्या झाडापतूर जाऊन माघारी येतो."

विजयमालानं पदर तोंडाला लावला होता. तो तिनं काढला. "मोटार बघाया जातो म्हणत हुता की हो मला!" नवऱ्याकडं एक जळजळीत नजर टाकून ती दिराकडं वळली. "आन् भावजी, तुमाला एवढं दिसत हुतं तर सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं की काल, नळाला पाणी ईना म्हणून."

"टोमणा मारून!"

"आपलं बोलणं बंद हाय न्हवं, वैनी," कृष्णात म्हणाला, आणि पहिल्यांदा त्यानं खाली बघितलं.

डॉक्टर मयूरी उठली. तिनं गोळ्या लिहायला घेतलेला कागद फाडून टाकला. संध्याकाळपर्यंत रक्ताचा रिपोर्ट आला, सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्या सुजल्या होत्या. एक जास्त. नाथाजी भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. किडनीचं त्याला भय वाटत होतं, पण भयापेक्षा जास्त जळत होतं ते दुसरंच. ज्या गोष्टीनं त्यानं इतकी वर्षं शत्रूचा अपमान केला, त्याच गोष्टीची कुंडली त्या शत्रूनं भर दवाखान्यात मांडली होती. आणि अक्षर न् अक्षर खरी.

सांगलीचे मूत्रविकाराचे डॉक्टर देवदत्त कमी बोलणारे होते. त्यांनी मागून बोट घालून तपासलं तेव्हा नाथाजीनं पलटणीतल्या एकूण एक अधिकाऱ्यांना आठवून शिव्या घातल्या. प्रोस्टेटची गाठ वाढून लघवीची वाट दाबली गेली होती. आधी नळी ठेवून किडन्यांना विसावा द्यायचा, मग ऑपरेशन.

नळीचे ते आठवडे नाथाजीनं लुंगीच्या आड पिशवी बांधून माजघरात काढले. बांधावर गेला नाही. कुणी भेटायला आलं तर झोपल्याचं सोंग घ्यायचा. विजयमाला दोन्ही वेळा पिशवी रिकामी करायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "आलात का मोटार बघून?" तिचा राग खराच होता, आणि तिला तो काढायला जागाही भरपूर होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं डॉक्टरांना एकट्याला गाठलं.

"सर, ह्यानं माणूस... म्हणजे संसाराच्या हिशेबानं..."

"बहुतेकांचं आधी होतं तसंच राहतं," डॉक्टर म्हणाले. "वीर्य बाहेर न येता मागं मूत्राशयात जाईल, त्याचा त्रास नसतो. तुम्हाला काय आता पोरं काढायचीत?"

नाथाजीला कित्येक दिवसांनी हसू आलं, ते त्यानं दाबलं.

पोटाला टाका नाही, काही नाही. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं आणि लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून गाठ आतून खरवडून काढली. पलंगाच्या कडेच्या पिशवीत लाल पाणी, मग गुलाबी, मग साधं. काढलेले तुकडे तपासायला गेले, त्यात वाईट काही निघालं नाही. नळी काढल्यावर पहिली लघवी आगीसारखी झाली, पण झाली. भांड्यात आवाज झाला. नाथाजी संडासाच्या भिंतीला डोकं टेकून रडला, आणि बाहेर आल्यावर डोळ्यांत साबण गेला म्हणाला.

घरी सोडताना डॉक्टर देवदत्त म्हणाले, "एक किडनी पुरती सावरली. दुसरी थोडी कमजोरच राहील, उशीर झाला होता. पण तुमच्या भावानं तेव्हा तोंड उघडलं नसतं तर तुम्ही गोळ्या खात घरी बसला असता, आणि वर्षभरात डायलिसिस."

"तो भाऊ न्हाई माझा. शेजारी हाय."

"मग शेजारी चांगला आहे."

"चोर हाय," नाथाजी म्हणाला.

आणि ते खोटंही नव्हतं. हालचालीची मुभा मिळाल्यावर तो काठी घेऊन बांधावर गेला, तर बांध आणखी बारीक झालेला. तो सांगलीत आडवा पडला असताना कृष्णातनं नांगरट करून घेतली होती आणि जाताजाता फाळ चार बोटं आत घातला होता. दगड कलला होता. नाथाजी बघतच राहिला. जीव वाचवणारा हात आणि बांध कोरणारा हात एकाच माणसाचा, हे त्याच्या डोक्यात मावेना. ज्याच्यापुढं मान खाली घालावी लागणार म्हणून तो इतके दिवस घरात तोंड लपवून बसला होता, त्या माणसानं त्याला पुन्हा मान वर करायचं कारण दिलं होतं. राग आला, सणसणीत आला, आणि त्या रागानं नाथाजीला बरं वाटलं.

तो दगडासमोर उभा राहिला. सावधान.

समोर करंजाखाली कृष्णात होता. पण आज पाठ करून बसला होता, नदीकडं तोंड. नाथाजीच्या ते जिव्हारी लागलं. इतकी वर्षं एक दिवस न चुकता बघणारा माणूस, आणि आज, जेव्हा दाखवण्यासारखं काही होतं तेव्हा, पाठ?

धार सुटली. दगडाच्या टाळक्यावर आपटली, पलीकडं सरीत उडाली.

"ए चोरा!" नाथाजी ओरडला. "बघ की हिकडं!"

कृष्णातनं मान वळवली नाही. तळहातावरची तंबाखू मळत राहिला.

"बघायला कशाला पायजे, हवालदार? हितवर आवाज येतोय."

नाथाजीचं पुरं झाल्यावर तो तसाच पाठमोरा म्हणाला, "ह्या बारीला मधी थांबली न्हाई."

पत्नीजवळ, डॉक्टरजवळ, देवाजवळसुद्धा नाथाजीनं जे लपवलं, ते हा माणूस रोज मोजत बसला होता. त्यानं बटणं लावली. खाकरला.

"बांध मागं घे. न्हाईतर मोजणी आणतो."

"आण की," कृष्णात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही आपापल्या जागी हजर होते.